कुत्रीच्या नावावरची खरूज

लग्न होऊन भुईगावात आले तेव्हा भांड्याकुंड्यांबरोबर माहेरून आणखी एक गोष्ट मी आणली होती: बोटांच्या बेचक्यांतली खरूज. हात पदराखाली ठेवण्यात मी पटाईत झाले होते. पण सासरी सुकेळी व्हायची. पिकलेली केळी सोलून उन्हात वाळवायची, आणि सोलायचं काम नव्या सुनेचं. बेचक्यांत अशी आग व्हायची की डोळ्यांत पाणी यायचं. बोलणार कुणाला? खरजेच्या हातची सुकेळी म्हटल्यावर आमच्या दारात गिऱ्हाईक फिरकलं नसतं.

मग दिरांच्या मुलाला खाज सुटली. सासऱ्यांनी थेट कुत्रीवर ठपका ठेवला. सुकेळीवरचे कावळे हाकणारी आमची तांबडी कुत्री सारखी कान खाजवत होती आणि कानामागे जखमही होती. "खरजुली झालीय. उद्या केळ्यांच्या गाडीत घाला आणि लांब सोडून या," ते म्हणाले. मी मान खाली घालून केळं सोलत राहिले.

सासूबाईंनी कुत्रीचं डोकं मांडीवर घेतलं आणि मला केस बाजूला धरायला लावले. "बघ, खरूज असती तर कानाच्या कडेचे केस गेले असते, खपल्या धरल्या असत्या. हितं तसं काय नाय." जखमेच्या कडेला एक टम्म फुगलेली गोचीड होती. ती त्यांनी चिमटीत धरून अलगद ओढून काढली, कडुलिंबाच्या पाण्याने जागा धुतली, हळद-खोबरेल लावलं. तेवढ्यात त्यांची नजर केस धरलेल्या माझ्या बोटांवर गेली आणि तिथेच थांबली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

त्या उठल्या आणि सासऱ्यांना म्हणाल्या, "खरूजच हाय. पन नवी हाय, गंधकानं जाईल. कुत्री कुठं जानार नाय."

संध्याकाळी त्यांनी खोबरेलात गंधक खलला. नातवाला लावला, थोडा कुत्रीच्या पाठीला फासला आणि वाटी माझ्यापुढे सरकवली. "वास आला तर तिचा म्हनतील. उद्यापासून केळी मी सोलते, तू केळीच्या वाडीला पानी लाव."

तेव्हापासून कुत्री गोठ्यामागे बांधलेली. शेजारच्या बाया नाक मुरडायच्या, पोरं खडे मारायची, आणि ती सुकेळीवर बसलेल्या कावळ्यांकडे बघून केविलवाणी भुंकायची. तिच्या कानामागची जखम केव्हाच भरली होती. मी पाण्याला जाताना मुद्दाम दुसऱ्या वाटेने जायची.

एका सकाळी सासूबाईंनी मला मागल्या दारी बोलावलं. माझे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले, बोटं फाकवून पाहिली. मग गोठ्याकडे गेल्या आणि कुत्रीला सोडलं.

सुटल्यासुटल्या ती धावत आली ती माझ्याकडेच, शेपटी हलवत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.