खंडेनवमीला पुजलेला गज

माझ्या थोरल्या बंधूंनी उभी हयात मुंबईतल्या चित्रपट-वाद्यवृंदात डबल बेस वाजवला. माणसापेक्षा उंच असलेले ते वाद्य त्यांच्या निधनानंतर वहिनींनी टेम्पोत घालून माझ्याकडे लातूरला पाठवले आणि फोनवर एकच मागणी केली, "भावजी, पहिल्या पुण्यस्मरणाला भजनाच्या खाली याचा एक सूर धरा. त्यांचा आवाज एकदा घरात येऊ द्या." मी होकार दिला. वकिली केलेल्या माणसाचा होकार म्हणजे करार. तो मोडण्याची सवय मला नाही.

एकच सूर, तोही मोकळ्या तारेचा. डाव्या हाताला काही कामच नव्हते. सगळा कज्जा उजव्या हाताचा, म्हणजे गजाचा: घोड्याचे केस ताणून बसवलेली ती काठी तारेवरून सरळ, संथ आणि अखंड ओढायची. ऐकायला हे सोपे वाटते. मी ओढली तेव्हा कुरकुरणाऱ्या दाराचा आवाज आला आणि सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून विचारले, "कोण आलंय हो?"

नांदेडला लष्करी बँडमधून निवृत्त झालेले, मूळचे नायगावकडचे एक उस्ताद भेटले. त्यांच्या घरी स्वतःचे जुने वाद्य होते, त्यामुळे मी दर आठवड्याला फक्त गज घेऊन एसटीने जात असे.

"काय हाय हे काका?" वाहकाने पहिल्याच फेरीत विचारले.

"वाद्याचा गज आहे."

"मंग वाद्य कुठंय?"

"लातूरला."

"वाद्य लातूरला आन् काडी नांदेडला! काय करून राहिलात काका तुम्ही?"

सारी गाडी हसली. अहमदपूरला कोणीतरी वरच्या फळीवर गजाशेजारी तुरीचे पोते रेटले, म्हणून मी आगारप्रमुखांना सविस्तर पत्र लिहिले. त्याची पोचसुद्धा आजतागायत मिळालेली नाही.

उस्तादांचे शिकवणे तर माझ्या सहनशीलतेची कसोटी पाहणारे होते. "साहेब, वजन द्या," ते म्हणत. मी वजन दिले की म्हणत, "दाबू नका." ही दोन विधाने परस्परविरोधी असल्याचे मी त्यांच्या निदर्शनास आणून दिले.

"निजलेल्या लेकराच्या पाठीवर हात ठेवता का न्हाई? त्या हाताला वजन असतंय, पण तुम्ही दाबता का? तुम्ही सुराची उलटतपासणी करून राहिलात, साहेब. साक्षीदार घाबरला की खरं बोलत न्हाई."

गज संपून उलटा फिरतो तिथे माझा सूर दर वेळी उचकी देई. त्यावर त्यांचा उपाय असा: बोटे सैल, मनगट आधी वळू द्यायचे, हात मागून येऊ द्यायचा. मी चिडत राहिलो, पण करत राहिलो. दसऱ्याच्या सुमारास उचकी जवळजवळ थांबली होती. पुण्यस्मरण दिवाळीआधीच होते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गज हाती घेतला, तर सूरच नाही. गज तारेवरून नुसता घसरे. केसांनी तार पकडावी म्हणून त्यांवर राळेचा खडा घासतात. तो घासला, तर राळेचे चिकट गोळे झाले. माल निकृष्ट होता हे उघड दिसत होते. राळ पाठवणाऱ्या पुण्याच्या विक्रेत्याला मी रीतसर नोटीस लिहिली आणि रजिस्टर्ड पोस्टाने रवाना करून घरी आलो.

"सकाळी सकाळी पोस्टात कशाला?" सौभाग्यवतींनी चहा देताना विचारले.

"राळवाल्याला नोटीस. गज असा घसरतोय की जणू तेल लावलंय."

"लावलंच आहे की."

मी कप खाली ठेवला.

"खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पुजली. तुमची कायद्याची पुस्तकं, स्कूटर, विळी, कात्री. याचे केस अगदी कोरडे दिसले. खोबरेल चोळलं, वर भस्माचे पट्टे ओढले."

"कोणाला विचारून?"

"कोणाला विचारणार? तुम्ही एसटीला पत्र लिहीत बसला होतात."

उस्ताद फोनवर बराच वेळ हसले. केस नवे बसवून घ्यायला मुंबई गाठावी लागली असती आणि तेवढी सवड नव्हती. "साबणानं धुवा, लाकडाला पाणी लागू देऊ नका, सावलीत वाळवा," ते म्हणाले. सौभाग्यवतींनी काठीला टॉवेल गुंडाळून ते केस लेकीला न्हाऊ घालावे तसे धुतले. मग त्याच राळेचा आश्रय घेणे भाग पडले, म्हणून मी नोटीस दुसऱ्या नोटिशीने विनाशर्त मागे घेतली.

पकड मात्र पहिल्यासारखी आली नाही. जरा दाबले की गज घसरे. हाताचे वजन नुसते ठेवले तरच सूर निघे. जे उस्तादांना महिनोन्‌महिने जमले नाही, ते खोबरेल तेलाने केले. हे लिहितानाही मला राग येतो.

पुण्यस्मरणाला वहिनी मुंबईहून आल्या. पेटीवाल्यांनी माझ्या तारेचा सूर धरला तो नाखुशीनेच, आणि दुसऱ्या कडव्यापासून भजनी मंडळ ठरलेली लय सोडून धावू लागले. कोणाचा तरी मोबाइल वाजला. मागून एकजण मोठ्याने म्हणाला, "अहो, बोअरची मोटार चालू राहिली का बघा!" मला उत्तर देता येत नव्हते; गज अर्ध्यावर होता.

वहिनी उठल्या आणि वाद्याच्या मागे येऊन बसल्या. त्यांनी त्याच्या पाठीवर तळहात ठेवला. लाकडाची थरथर हाताला लागते म्हणून बंधूंच्या सरावाच्या वेळी त्या अशाच बसत, हे मला सौभाग्यवतींनी नंतर सांगितले.

भजन संपले. मंडळाने टाळ खाली ठेवले, पेटीचा भाता मिटला, लोक प्रसादासाठी उठू लागले. ठरल्याप्रमाणे मीही तिथेच थांबायला हवे होते. पण वहिनींचा हात अजून लाकडावर होता. मी मनगट आधी वळवले, हात मागून येऊ दिला आणि गज पुन्हा उलटा ओढला.