मागून पाहिलेलं कॉलेज

आमचे हे कुठलीही गोष्ट पुढून बघत नाहीत. मला बघायला आले तेव्हासुद्धा चहा तसाच ठेवून घरामागे गेले आणि भिंतीला ओल का आलीय ते माझ्या वडिलांना विचारत बसले. मी नटूनथटून आत उभी. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

नाव इंद्रमान तुलाचन. नेपाळातल्या बेनीच्या रस्ते खात्यात ओव्हरसियर. डिप्लोमा करून लागले ते तिथेच आहेत. वर इंजिनियर येतात, बदलून जातात, हे खालचे खालीच. त्याचं त्यांना काही वाटत नाही. ह्यांचं दुखणं वेगळं. पुलाच्या नकाशातला एखादा आकडा कुठून आला ते कळलं नाही, की ह्यांना जेवण जात नाही. साहेब म्हणतात, पुस्तकात तसं आहे. मग हे डाळभात चिवडत मला विचारणार, पुस्तकात तरी कुठून आलं असेल गं? मी खानावळ चालवते, मला काय ठाऊक.

आमची निर्जला बारावी झाली आणि तीही सिव्हिलच करणार म्हणाली. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, बापाचे प्रश्न आता लेकीकडे जातील. तर हे ढिंड्याचा, म्हणजे शिजवलेल्या पिठाच्या गोळ्याचा, घास हातात धरून म्हणतात, "प्रवेश परीक्षा डिप्लोमावाल्यांनाही देता येते. मीही बसतो." वय चव्वेचाळीस. डोकं ठिकाणावर आहे ना, असं मी तिथल्या तिथे विचारलं. निर्जला ताटावरून उठून गेली.

तरी परीक्षा दिलीच. निकाल लागायच्या आत कॉलेजं बघून ठेवू म्हणून आम्ही तिघं निघालो. काठमांडूचं पहिलं कॉलेज नवंकोरं, सगळं काचेचं. टाय लावलेला एक पोरगा गोड बोलत आम्हाला फिरवत होता. निर्जला हरखून गेली होती. आणि हे गायब. मी शोधत गेले तर प्रयोगशाळेच्या मागे गवतात वाकून काहीतरी बघतायत. शिपायाने विचारलं, काही हरवलं का? तर हे त्यालाच विचारतात, फुटलेले ठोकळे कुठे टाकता?

त्यांचं म्हणणं असं, की काँक्रीट शिकणारी पोरं ठोकळे ओततात, पाण्यात ठेवतात आणि मग यंत्रात घालून फोडतात, कितपत जोर सोसतात ते बघायला. पोरं खरंच शिकत असतील तर मागे ढीग हवा. इथे नुसतं गवत. खिडकीतून यंत्र दिसत होतं, त्याच्यावरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. कॉलेज नवीन आहे, बा, असं निर्जला म्हणाली. असेल, म्हणाले, आणि गवतात आणखी एक चक्कर मारून आले.

पोखऱ्याच्या कॉलेजात भिंतींचा रंग उडालेला, पण मागे हा भलामोठा ढीग. वर कोंबड्या बसलेल्या. ठोकळ्यांवर पोरांनी रंगाने आपापली नावं लिहिलेली. हे देवळाभोवती फिरावं तसे त्याच्याभोवती फिरले. जवळ काही मुलं बसली होती. त्यांनी विचारलं, कुणाचे वडील? हे म्हणाले, कुणाचा बाप म्हणून नाही, मी स्वतःच शिकायला येणार आहे. झालं, पोरांना चेव चढला. इथे नवीन आलेल्याने वरच्या वर्गातल्याला वाकून नमस्कार करायचा, नाव-गाव खणखणीत सांगायचं आणि दाइ, म्हणजे दादा, म्हणायचं. ह्यांनी केलं की हो सगळं. मिसरूडही न फुटलेल्या पोराला वाकून म्हणाले, "दाइ, हा एकच ठोकळा तिरका का फुटला?" त्यावरून पोरांमध्येच वाद लागला आणि हे मध्ये बसून दोन्हीकडे मान वळवत ऐकत राहिले. इतके खूश मी त्यांना आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

निर्जला लांब उभी होती, मान खाली घालून.

परतताना बसमध्ये ती मला म्हणाली, मुद्दाम ह्यांना ऐकू जाईल अशी, की पोखऱ्याचंच चांगलं आहे हे मलाही दिसतंय, पण बा तिथे येणार असतील तर मी काचेच्या कॉलेजात जाईन. एरवी हे वाटेतल्या एकेका पुलाची कुंडली मांडतात. त्या दिवशी बेनी येईपर्यंत एकाही पुलाकडे पाहिलं नाही.

निकाल लागला. पोखऱ्याला दोघांचाही नंबर लागला. हे हसत घरी आले आणि निर्जलाला म्हणाले, तू जा, मला साहेबांनी रजा नाकारली. पोरीने सुटकेचा निःश्वास टाकला, तो मी पाहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबच खानावळीत जेवायला आले. म्हणाले, "वहिनी, मी तर रजा मंजूर केली होती. तेच नको म्हणाले. काय झालं?"

त्यांना डाळ वाढायची तशीच टाकून मी आत गेले. निर्जला मुळा चिरत होती. पोटात ठेवणाऱ्यातली मी नाही. सगळं सांगितलं, आणि तुझ्या लाजेपायी त्या माणसाने जन्माची हौस गिळली, हेही सुनावलं. तिने विळी बाजूला केली आणि बाहेर गेली. हे नुकतेच येऊन पायरीवर बुटांचा चिखल काढत बसले होते.

"बा, तुम्ही माझ्या वर्गात आलात तर मला लाज वाटेल."

"म्हणून तर..."

"वाटू दे. तुम्ही चला."

ह्यांना प्रश्न विचारल्याशिवाय राहवतंय होय? "खूप वाटेल?"

"खूप."

"बरं," म्हणाले, आणि स्वच्छ झालेला बूट पुन्हा घासायला लागले. मी दारातच रडले. गिऱ्हाइकं बघत होती, बघेनात का.

आता दोघंही पोखऱ्याला आहेत. हे पहिल्या बाकावर, ती शेवटच्या. तिची तक्रार रोजचीच, की बा सरांना सोडत नाहीत, एकही तास वेळेवर संपत नाही, सगळा वर्ग त्यांना बा म्हणून हाक मारतो. मागच्या आठवड्यात ह्यांना ताप आला आणि खोलीवरच पडून राहिले. संध्याकाळी तिचा फोन आला. मी म्हटलं, आज तरी सुखाने बसली असशील वर्गात.

ती म्हणाली,

"तास वेळेवर संपत आला होता, आमा. कुणी काहीच विचारलं नाही. मग मीच उभी राहिले."