मिलिंदचा तिसरा अटेम्प्ट

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही हो! ओट्याखालच्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांसारखे ते आपोआप साठतात, आणि एक ओढली की दहा बाहेर येतात. परवा शिरीषचा फोन आला आणि आमच्या स्टुटगार्टच्या होस्टेलचं सगळं बाहेर पडलं.

दोन हजार चार-पाचचा काळ. शिरीष, मिलिंद आणि मी, तिघंही मास्टर्स करत होतो. एकाच मजल्यावर खोल्या, किचन कॉमन. चौथा टोबियास, शेजारच्या खोलीतला जर्मन.

त्या सेमिस्टरला सगळ्यांना काळजी होती ती मिलिंदची. कंट्रोल सिस्टिम्स या विषयात पठ्ठ्या दोनदा उडाला होता. तिथे तिसऱ्यांदा उडालात की खेळ खल्लास! युनिव्हर्सिटी नाव काढते, व्हिसा जातो, बॅग भरा आणि सांगलीला परत या. म्हणून आम्ही ठरवलं, प्रत्येकाने त्याला आपली अभ्यासाची पद्धत शिकवायची.

*

शिरीषची पद्धत म्हणजे पाठांतर. प्रोफेसरांच्या नोट्स स्वल्पविरामासकट घोकायचा.

पहिल्या सेमिस्टरला त्याने असाच एक पेपर लिहिला. तिकडे तपासलेला पेपर बघायला मिळतो. हा ऐटीत गेला. उत्तराच्या मधोमध ह्याच्याच अक्षरात लिहिलेलं, "पान ११२ वरील आकृती पाहा."

त्याखाली लाल पेनने प्रोफेसरांचा शेरा, "पाहिली. छान आहे. मीच काढली होती."

मार्क शून्य! तरी हा बाबा मिलिंदला सांगतोय, "तू फक्त पाठ कर रे!" मिलिंदने दोन पानं पाठ केली. तिसऱ्या पानाला पहिलं विसरला.

*

मग टोबियास. त्याचं सगळं प्लॅनवर चालायचं. शनिवारी दहाला ग्रुप स्टडी म्हणजे दहाला दारात टकटक! आमच्यातला एक अंघोळीत, एक अंथरुणात, आणि मी कांदा चिरतेय. पोहे, चहा, परत चहा. पुस्तकं उघडली साडेअकराला. टोबियासने बिचाऱ्याने वेळ तेवढी टिपून घेतली.

पुढच्या शनिवारी त्याने प्लॅन छापूनच आणला. पहिली ओळ, "१०.०० ते ११.३० : पोहे."

आणि सव्वादहाला कढईत डोकावून म्हणतो, "आल्झो," म्हणजे त्यांचं 'तर मग', "आपण मागे पडतोय!"

*

माझी तऱ्हा निराळी. मला शांतता चालत नाही. लायब्ररीत पाच मिनिटांत डोळे मिटतात. दोन खोल्यांत चार भावंडं आणि मोठ्याने लावलेला टीव्ही, अशात वाढलेय मी! म्हणून मी एस-बानमध्ये, म्हणजे तिथल्या लोकलमध्ये, बसून वाचायचे. स्टुडंट पास होताच. या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं आणि परत यायचं.

एकदा एकच तिकीट चेकर दिवसात तिसऱ्यांदा भेटला. म्हणाला, "तुम्ही उतरणार तरी कधी?"

मी म्हटलं, "दोन चॅप्टर राहिलेत."

त्याने घड्याळ बघितलं. "शेवटच्या स्टेशनला अठरा मिनिटं आहेत. एकच होईल."

मिलिंदलाही मी गाडीत बसवलं. पुस्तक उघडलं, आणि दोन स्टेशनांत हा मलाच शिकवायला लागला! हातवारे काय, खिडकीच्या काचेवर बोटाने ग्राफ काय! आणि आश्चर्य म्हणजे बरोबर सांगत होता. तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. ह्याचं तोंड चालू असेल तरच ह्याचं डोकं चालतं.

*

झालं! आता ऐकणारा कोण? पाळ्या लावल्या. टोबियासच्या प्लॅनमध्ये नवी ओळ आली, "१७.०० ते १८.०० : मिलिंद." पण आम्हीही माणसं आहोत, चौथ्या दिवशी सगळ्यांनाच महत्त्वाची कामं निघाली. मग ह्याने रविवारी सांगलीला फोन लावला आणि आईला अख्खा फीडबॅकचा चॅप्टर शिकवला. फोन स्पीकरवर. पलीकडून काकूंचं आपलं "हं... हं... बरं..."

चाळीस मिनिटांनी हा थांबला. "काय वाटतं आई?"

"सगळं समजलं हो बाळा. तू नीट जेवत नाहीयेस."

आम्ही हसलो खरे, पण मला मेलं रडूच आलं. त्यानंतर कोणाची पाळी चुकली नाही.

*

आधीच्या दोन परीक्षा लेखी, तिसरी मात्र तोंडी होती. आम्ही तिघं दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये. शिरीष नखं खातोय, टोबियास दर मिनिटाला घड्याळ बघतोय. पाऊण तासाने मिलिंद बाहेर आला तो पांढराफटक, आणि सरळ फरशीवरच बसला.

"अरे बोल ना!"

"मी वाट लावली," तो म्हणाला. "सर म्हणाले, बोर्डावर समजावून सांगा. मी सुरू झालो. मस्त चाललं होतं गं. रंगात आलो, आणि सरांकडे वळून विचारलं, 'इथपर्यंत समजलं का? काही शंका?'"

शिरीषने कपाळावर हात मारला. "परीक्षकांना? मेलास तू!"

"सर काय म्हणाले?" मी विचारलं.

"सरांचं सोड गं. बाजूला त्यांचा असिस्टंट बसलेला, परीक्षेची नोंद लिहायला. त्याने हात वर केला."

"हात?"

"म्हणाला, ती दुसरी पायरी परत सांगाल का?"

"मग?"

"सांगितली. त्याने वहीत उतरवून घेतली."

तेवढ्यात दार उघडलं आणि प्रोफेसर स्वतः बाहेर आले. मिलिंद धडपडत उभा राहिला. सरांनी हात पुढे केला.

"मिस्टर मोहिते, अभिनंदन. पास आहात. आणि काही शंका आहे का विचारलंत म्हणून सांगतो, माझी एक आहे." त्यांनी चष्मा काढला. "याआधी दोनदा तुम्ही नापास झालात कसे?"