काढून ठेवलेलं दूध

डॉक्टरांनी माझ्या लेकीची, मैत्रीची, हनुवटी बोटानं खाली केली, तोंडात टॉर्चचा उजेड टाकला आणि मला जवळ बोलावलं. "इथे बघा," त्या म्हणाल्या, "टाळूला फट आहे. क्लेफ्ट पॅलेट म्हणतात याला."

मैत्री तेव्हा तीन दिवसांची होती. भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात तिचा जन्म झाला. ओठ नीट, नाक नीट, वजन अडीच किलो. फक्त ती दूध ओढत नव्हती. अंगावर घेतली की चार-दोनदा तोंड हलवायची आणि दमून झोपायची. थोड्या वेळानं नाकातून दूध यायचं. मी समजत होते की मलाच पाजता येत नाही.

क्लेफ्ट पॅलेट म्हणजे तोंडाचं आतलं वरचं छत पोटात असताना पूर्ण जुळत नाही, मधे फट राहते. त्यामुळे बाळाला ओढ लावता येत नाही. चिरलेल्या स्ट्रॉनं सरबत प्यायला गेलं तर काय होईल, असं डॉक्टरांनी मला समजावलं. ऑपरेशन करून फट बुजवता येते, पण नऊ-दहा महिन्यांनी, वजन भरल्यावर. तोवर दूध काढायचं आणि बोंडल्यानं पाजायचं. बोंडलं म्हणजे चोच असलेली छोटी वाटी.

माझ्या सासूबाई सिहोऱ्याजवळच्या खेड्यात राहतात. बाळंतपणासाठी त्या आल्या होत्या. टाळूला फट आहे हे ऐकून त्यांनी आधी मैत्रीच्या डोक्यावर हात फिरवला. "टाळू तं चांगली आहे," म्हणाल्या. डोक्याची टाळू वेगळी आणि तोंडातली वेगळी, हे डॉक्टरांनी सांगितलं. मग त्या उठल्या. बाहेर बाकावर जाऊन बसल्या.

माझी आई नाही. नवरा, प्रशांत, हैदराबादकडे एका कंपनीत आहे. त्याची आठ दिवसांची सुट्टी संपली. आम्ही तिघी लाखांदूरला माझ्या भाड्याच्या दोन खोल्यांत आलो. मी तिथे एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे.

दवाखान्यातल्या सिस्टरनं मला हातानं दूध काढायला शिकवलं होतं. हात साबणानं धुवायचे, उकळलेली वाटी घ्यायची, स्तनाच्या काळ्या भागाच्या थोडं मागे अंगठा आणि बोट ठेवून आत दाबायचं, मग सोडायचं. पहिल्या दिवशी वाटीचा तळसुद्धा झाकला गेला नाही. महिन्याभरानं प्रशांतनं दूध काढायचा इलेक्ट्रिक पंप पाठवला. दर तीन तासांनी मी आतल्या खोलीत पडदा लावून भिंतीकडे तोंड करून बसायची. मैत्री बाहेर आजीच्या मांडीवर असायची. दूध माझं, पण ती प्यायची दुसऱ्याच्या हातून, कारण तेवढ्यात माझी पुढची वेळ झालेली असायची. तिला पोटभर दूध मिळावं म्हणून मी तिच्यापासून लांब बसून होते. हे कोणाला सांगावं ते कळायचं नाही.

दूध साठवायचे नियम मी कागदावर लिहून फ्रिजला चिकटवले होते. झाकणाच्या लहान स्टीलच्या डब्या, दर वेळी उकळून. एका डबीत एका वेळेपुरतंच दूध. वर पट्टी लावून तारीख आणि वेळ. डबी फ्रिजच्या दारात ठेवायची नाही, आत मागे ठेवायची, कारण दाराजवळ थंडावा कमी-जास्त होतो. बाहेर दूध चार तास चालतं असं ऐकलं होतं, पण डॉक्टरांनी आमच्याकडचा उन्हाळा धरून सांगितलं, "तासाभरात पाजा, नाहीतर फ्रिजमध्ये टाका. आणि फ्रिजमधलं चोवीस तासांत संपवा. पुस्तकात जास्त दिवस दिलेत, पण तुमच्याकडे लाईट किती वेळ जाते ते पुस्तकाला माहीत नाही." लाईट गेली की फ्रिज उघडायचा नाही. खूप वेळ गेली तर दूध फेकायचं. पाजताना डबी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवायची, गॅसवर तापवायची नाही. वर साय आल्यासारखी दिसते, ती हलक्या हातानं मिसळायची.

सासूबाईंना हे पटायचं नाही. "कालचं दूध लेकराले काहून पाजाचं?" त्या विचारायच्या. गाईचं दूध तापवल्याशिवाय त्यांनी आयुष्यात कोणाला दिलं नव्हतं, आणि मी त्यांना तापवू देत नव्हते. पण माझ्यादेखत किंवा माघारी, त्यांनी एकदाही नियम मोडला नाही. नियम मी मोडला.

मे महिन्यात सासूबाई नात्यातल्या लग्नाला चार दिवस गेल्या. मैत्री पाच महिन्यांची होती. दूध काढणं, भांडी उकळणं, तिला उभं धरून थेंब थेंब पाजणं, सगळं माझ्यावर आलं. एकदा पाजायला पाऊण तास लागायचा. माझं दूधही कमी झालं होतं. त्या दिवशी सकाळी तिनं अर्धं बोंडलं पिऊन तोंड फिरवलं. उरलेलं दूध तीस मिली तरी असेल. बाळाच्या तोंडाला लागलेलं दूध ठेवायचं नसतं, हे मला माहीत होतं. कागदावर मीच लिहिलं होतं. पण ते दूध काढायला मी अर्धा तास बसले होते. माझ्यानं ते मोरीत ओतवलं नाही. मी ते परत डबीत भरलं आणि दुपारी, चार-पाच तासांनी, तिला पाजलं.

दुसऱ्या दिवशी तिला जुलाब लागले. संध्याकाळपर्यंत ती मलूल झाली, लघवी थांबली, रडताना डोळ्यांत पाणी येईना. घरमालकांनी गाडी करून दिली. लाखांदूरहून भंडाऱ्यापर्यंत मी तिच्या तोंडाकडे बघत बसले. वाटेत प्रशांतचा फोन आला. तो विचारत होता, काय झालं, काय खाल्लं होतंस तू. मी म्हटलं, उन्हामुळे असेल.

दवाखान्यात सलाईन लावलं. डिहायड्रेशन, म्हणजे शरीरातलं पाणी कमी होणं. पायाची शीर सापडायला वेळ लागला. मला बाहेर थांबायला सांगितलं होतं. त्या बाकावर माझ्या दोन्ही बाजूंना माणसं होती आणि त्यातलं माझं कोणीच नव्हतं. पंप घरीच राहिला होता. छाती दगडासारखी झाली. शेवटी मी बाथरूममध्ये जाऊन हातानं दूध काढलं आणि ते बेसिनमध्ये वाहून जाऊ दिलं. आदल्या दिवशी तीस मिली मला टाकवलं नव्हतं.

सकाळी डॉक्टर राउंडला आल्या तेव्हा मी त्यांना खरं सांगितलं. वाटलं, रागावतील. त्यांनी हातातला कागद खाली ठेवला.

"त्यानंच झालं असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "या दिवसांत जुलाबाची बाळं रोज येतात. पण उष्टं दूध परत ठेवायचं नाही. बाळाच्या लाळेतले जंतू त्यात जातात आणि वाढतात. एका वेळी थोडंच ओता. लागलं तर पुन्हा घ्या. फेकावं लागेल तेही थोडंच असेल."

मग जाता जाता म्हणाल्या, "आणि घरी आणखी एक माणूस हवं. हे एकटीचं काम नाही."

दोन दिवसांनी मैत्री हसली. सासूबाई लग्नातून थेट दवाखान्यात आल्या होत्या. त्यांना मी काही सांगितलं नाही. प्रशांतलाही नाही. पुढचे पाच महिने मी ती गोष्ट मनात ठेवून दूध काढत राहिले.

जूनमध्ये बाळंतपणाची रजा संपली. कार्यालयात जुन्या फायलींच्या खोलीची किल्ली साहेबांनी मला दिली. दुपारी दोनदा मी तिथे दूध काढायला बसायची. दूध बर्फाच्या थैलीबरोबर डब्यात घालून संध्याकाळी घरी न्यायची. सासूबाईंनी त्या वर्षी धानाच्या रोवण्याला, म्हणजे भातलावणीला, गावी जायचं नाही असं ठरवलं. त्या शिकलेल्या नव्हत्या, डब्यांवरच्या वेळा वाचता येईनात, म्हणून त्यांनी स्वतःची पद्धत काढली. जुनी डबी डावीकडे, नवी उजवीकडे. डावीकडून उचलायचं. एकदाही चुकल्या नाहीत.

ऑक्टोबरमध्ये मैत्रीचं वजन साडेसात किलो भरलं आणि नागपूरला ऑपरेशन ठरलं. प्रशांत सुट्टी घेऊन आला. आदल्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी माहिती लिहून घेताना विचारलं, घराण्यात कोणाला असं होतं का? मी नाही म्हणणार, तेवढ्यात सासूबाई बोलल्या.

"माह्या पयल्या पोरीच्या नाकातून असंच दूध येत होतं. प्रशांतच्या आधीची. बावीस दिवस होती."

डॉक्टरांचा पेन थांबला. त्यांनी विचारलं, तपासलं होतं का कोणी?

"तोंडात कोणी पायलंच नाही, साहेब. सारे म्हणत, माय पाजत नाही नीट."

प्रशांतला बहीण होती हे प्रशांतलाच माहीत नव्हतं. तो माझ्या शेजारी उभा होता. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि सांगितलं की त्या बाळालाही हेच असेल असं आता ठामपणे सांगता येणार नाही, पण असू शकतं.

बाहेर आल्यावर मी सासूबाईंना मे महिन्यातली गोष्ट सांगितली. सगळी, डबीसकट. त्या बराच वेळ मैत्रीच्या पायाचे तळवे चोळत राहिल्या.

"तुले काय चुकलं ते माहीत तं होतं," त्या म्हणाल्या. "मले तं तेही माहीत नव्हतं. चाळीस वर्षं मी माह्याच दुधाले दोष देत राहिली."

ऑपरेशन दोन तास चाललं. टाळूचे दोन्ही काठ जुळवून टाके घातले. मैत्री बाहेर आली तेव्हा तोंड सुजलेलं होतं आणि दोन्ही हात कोपरात वाकू नयेत म्हणून बांधलेले होते. पहिले दिवस कठीण गेले. मग एका सकाळी ती वाटीनं दूध प्यायली आणि नाक कोरडं राहिलं. प्रशांतनं दोनदा रुमालानं पुसून बघितलं. बोलणं स्पष्ट व्हायला पुढे स्पीच थेरपी, म्हणजे बोलायचा सराव, लागेल. एक-दोन वर्षं चालेल. चालू दे.

तुमचं बाळ दूध ओढत नसेल, नाकातून दूध येत असेल, तर तोंडात उजेड टाकून बघायला सांगा. सांगायला लाजू नका. आणि दूध काढून पाजायची वेळ आली तर नियम पाळा, चुकलं तर डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा. मला ज्यांनी सांगितलं आणि ज्यांनी ऐकून घेतलं, त्यांची मी ऋणी आहे.

नागपूरहून निघायच्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टरनं मला कोपऱ्यातल्या खाटेकडे नेलं. गडचिरोलीकडची एक मुलगी होती, विशीतली. बाळ सात दिवसांचं, ओठ आणि टाळू दोन्ही फाटलेले. सिस्टर म्हणाली, हिला दूध काढायला दाखवा, माझं ऐकत नाही. मुलगी भिंतीकडे तोंड करून बसली होती. हातातली वाटी रिकामी होती.

मी तिच्या शेजारी बसले. दूध किती निघतं हे मी विचारलं नाही. जेवली का, ते विचारलं.

तिनं मान हलवली. नाही.

सासूबाईंनी आमचा प्रवासाचा डबा उघडला आणि पहिली पोळी तिच्या हातात दिली.