परातीतले सगळ्यांचे हात

वडील मिठागरात कामाला होते. मजुरांच्या सभांमधून ते हक्क-अन्यायाची पत्रकं घेऊन यायचे आणि त्या पत्रकांवरच मी वाचायला शिकलो. त्यामुळे बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा मला एकच प्रश्न छळू लागला. वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. मग पोरीला हळद लावायला तिची आई, आमची बय, मांडवात येणार की नाही?

नेरूळच्या अंगाला खाडीकाठी असलेल्या आमच्या गावात याचं उत्तर ठरलेलं होतं. नवरा गेलेली बाई हळदीच्या वेळी मागच्या पडवीत बसायची. पोर तिची, मांडवाची जमीन तिने सारवलेली, आणि हळद लावणार गावच्या सवाष्णी! हा सरळ अन्याय आहे. तेव्हाही मी हेच म्हणत होतो, जरा मोठ्याने. हळदीच्या सकाळी चुलीपाशी बसून बयला भाषणच ऐकवलं.

ती भाकरी थापत होती. "तुजा बोलना खरा हाय रं," ती म्हणाली. "पन माजा हात लागला आन पोरीचा काय वाईट झाला, तर त्या हातानं नाय झाला असा मना कोन सांगल?"

मी चुलीत एक लाकूड सारलं.

दुपारी बहीण मांडवात पाटावर बसली. बायकांनी हळदीची परात पुढं ओढली, तशी ती ताडकन उठली. "बय आल्याबिगर मी हलद लावून घेनार नाय."

गाणं थांबलं. मांडवात पहिला मान आत्याचा, वडिलांच्या थोरल्या बहिणीचा. तिच्या जिभेला सगळं गाव टरकून असायचं.

"बस खाली! नवरी हायेस का पुढारी? भावानं शिकवला वाटतं?"

"त्याचा भाषन मी ऐकतच नाय," बहीण म्हणाली.

बायका हसल्या. आत्या हसली नाही. "उद्या पोर होडीनं खाडीपल्याड जानार. काय झाला तर लोक मना इचारतील, तू कशी लावू दिलीस?"

ती रागावली नव्हती. तिलाही भीतीच वाटत होती.

आमची शेजारीण मासळी विकायची, बाजारात कुणाला हार जात नसे. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मंग असा करू. एकटीनं कोनी लावाची नाय. सगल्यांनी एकदम परातीत हात घालाचे, हिच्या आयनं पन. काय झाला तर सगल्यांच्या हातानं झाला. कोनाला इचारतील?"

"आन बरा झाला तर?" मागून कुणीतरी म्हणालं.

"तर पन सगल्यांच्या हातानं. तुला एकटीला कशाला मान?"

आत्याने बांगड्या मागे सारल्या. मग पडवीकडे तोंड करून ओरडली, "ये गो बाये, हलद सुकाला लागली!"

बय पदराला हात पुसत आली. बायकांनी सरकून तिला जागा केली. सगळे हात एकदम परातीत उतरले आणि मनगटापर्यंत सारखेच पिवळे झाले. बयने पोरीच्या गालाला बोटं टेकवली न टेकवली तोच हात मागे घेतला. आत्याने तो धरून पुन्हा गालावर दाबला.

लग्न लागलं, होडी गेली. नंतरचे दिवस बयचा डोळा खाडीवर. कुणी हाक मारली तरी दचकायची. पण ती एकटी नव्हती. परातीत हात घातलेल्या बायका काहीतरी निमित्त काढून आमच्या ओटीवर येऊन बसायच्या. "खबर आली का गो?"

आठवड्याने बहीण नवऱ्याबरोबर बंदरावर उतरली. उतरताना चिखलात पाय रुतला तशी खिदळायला लागली. "बय, भूक लागली! तिकरं कालवनात मीठ म्हनून घालीत नाय!"

बय तिथेच मटकन खाली बसली आणि हसत सुटली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"मी तवाच बोल्लेली, काय व्हनार नाय," आत्या म्हणाली.

"कवा?" शेजारणीने विचारलं.

गावातल्या पुढच्या लग्नात एक विधवा बाई पडवीतून हलेना. आत्या स्वतः तिला आणायला गेली. मी दाराशी उभा होतो, मला सगळं ऐकू आलं.

"मना भ्या वाटतं," ती बाई म्हणाली.

"मना पन वाटतं," आत्या म्हणाली. "भ्याचा हाय तर मांडवात येऊन सगल्यांसंगती भी. ऊठ."