नावापायी गेलेला ओटा

कमानिया गेटजवळ भांड्यांचं दुकान मी शून्यातून उभं केलं, तेही घासाघीस करूनच. त्यामुळे इंटरनेटवर दुकानाच्या नावाचा पत्ता घ्यायचं ठरलं, तेव्हा असे पत्ते विकणाऱ्या दोघांना कामाला लावलं. सदर बाजारातल्याला सकाळी फोन केला, नाव धरून ठेवा, भाव नंतर बोलू. दुपारी गेटजवळच्याला जाऊन तेच सांगितलं. मला वाटलं, प्रत्येकाकडे नावांचा आपापला माल असतो. जो स्वस्त देईल त्याच्याकडून घ्यायचं. पितळी हंडे मी असेच घेतो.

गेटजवळच्याने कॉम्प्युटरवर पाहिलं. "भैया, ये तो आज सुबह ही चला गया. किसने लिया, दिखता नहीं."

माझं डोकं फिरलं. असं करणारा एकच माणूस, शेजारचा भांडीवाला. आता माझ्या नावावर त्याचे डबे खपणार. तसाच त्याच्या गल्ल्यापुढे जाऊन उभा राहिलो.

"काहून घेतलं माझं नाव?"

इंटरनेटशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. पण मी कासावीस झालोय, हे त्याने बरोबर ओळखलं.

"घेतलं खरं. तुम्हाले पाहिजे काय?"

"सोडा ते."

"सोडतो ना भाऊ. आपल्या दोघांच्या मधला ओटा मले द्या."

त्या ओट्यावरून आमची जुनी भांडणं. तरी दिला. लगेच तिथे त्याच्या परातींची चळत लागली.

मी पुन्हा गेटजवळच्याकडे गेलो. नाव सुटलं नव्हतंच. तेवढ्यात सदरवाल्याचा फोन आला, "आपका नाम सुबह ही बुक कर दिया भैया. भाव की बात कब करेंगे?"

गेटजवळच्याने हसू दाबलं. "दुकानें हमारी अलग हैं, रजिस्टर सबका एक. एक ने लिखा, तो बाकी सबके यहाँ बंद." सदरवाल्याशी पटलं नाही, तर पुढे तेच नाव उचलून माझ्याकडे आणा, असंही म्हणाला. तेवढ्या धाकावर मी सदरवाल्याचा भाव पाडला.

ओटा मात्र परत मिळेना. शेजारी म्हणाला, "नाव मिळालं ना तुम्हाले? मग काय मागून राहिले?"

रागाच्या भरात मी इंटरनेटवर त्याच्या दुकानाचं नाव विकत घेतलं. म्हटलं, ओटा द्या, नाव घ्या.

"ठेवा तुमच्याजवळच. माझं गिऱ्हाईक पायी येते."

दरवर्षी मुदत संपत आली की ते नाव सोडून द्यायचं ठरवतो. मग ते त्याच्या हाती लागेल, या विचाराने पुन्हा पैसे भरतो.