मास्तरांचा फळा आणि काकूंचं माळवद

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. शेतातून घरी आलं की धोतराला कुसळं चिकटलेली असतात, तसे ते चिकटतात. एक उपटायला बसलं की दहा निघतात! परवा आमच्यात अवकाळी पावसाची गोष्ट निघाली आणि मला डोंगरकडा गावचा फळा आठवला.

निजामाचा काळ. मी तिथल्या शाळेत दुय्यम मास्तर, वय बावीस. मोठे मास्तर म्हणजे सदाशिवराव. शाळा, बाजार आणि मास्तरांचं घर, सगळं एकाच गल्लीत. दर बाजाराच्या दिवशी शाळेच्या ओसरीवर मास्तर फळा लावायचे. वर मथळा, 'या आठवड्याची हवा', आणि खाली अंदाज. अक्षर माझं, अक्कल मास्तरांची.

फाल्गुन-चैत्रात त्या फळ्यासमोर ही गर्दी! कारण तेव्हा शिजवलेली हळद खळ्यावर पंधरा दिवस वाळत पडलेली असते. वरून एक सर आली की काळी पडलीच म्हणून समजा.

*

मास्तरांचा सगळा भरवसा एका यंत्रावर होता. हिंगोलीची इंग्रजांची छावणी उठली तेव्हा लिलावात सामान निघालं होतं, त्यातलं हे वायुभारमापक फिरत फिरत मास्तरांकडं आलेलं. घड्याळासारखी तबकडी, त्यावर इंग्रजीत 'पाऊस', 'बदल', 'उघाड' असं लिहिलेलं. काटा म्हातारा झाला होता बिचारा. बहुतेक 'बदल'वरच बसून असायचा.

मग आम्ही फळ्यावर लिहायचो, 'हवेत बदल संभवतो.'

तुकाराम म्हणून एक हळदवाला शेतकरी होता, मोठा चिकित्सक. तो म्हणाला, "मास्तर, बदल कंचा? ऊन व्हतं त्याची सावली व्हनार, का सावली व्हती त्याचं ऊन?"

मास्तर शांतपणे म्हणाले, "ते आठवडा सरल्यावर कळेल!"

*

जवळच्या लमाणांच्या तांड्यावरचा सोमला नाईक दर बाजाराला यायचा. त्याचे वाडवडील बैलांवर मिठाच्या गोण्या लादून मुलूखभर हिंडलेले. मीठ भिजलं की सगळी खेप वाया, म्हणून आभाळ वाचणं त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. त्याला मास्तरांनी मोठ्या हौसेनं यंत्र दाखवलं.

सोमलानं ते खालून-वरून पाहिलं, बोटानं ठोकून पाहिलं. म्हणाला, "मास्तर, ह्ये तर कोंडवाड्यात टांगलंय. ह्याला आभाळ दिसतं कुठं?"

आम्ही सगळे हसलो. पण दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो तर यंत्र खिडकीत टांगलेलं, तोंड पश्चिमेला!

*

आता खरी गोष्ट. मास्तरांच्या शेजारी रुक्माबाई राहायची. दोन वर्षांमागं नवरा गेला, पदरात एक लहान लेकरू. दिरानं पंचांपुढं सांगितलं होतं, "वयनी, एक साल वावर कसून बगा. हळद नीट घरात आली तर वावर तुमच्याकडं. भिजली, सडली, तर फुडच्या साली नांगर माझा." बाई जिद्दीची. वर्षभर त्या वावरात राबली.

आणि गावात सगळ्यात आधी गोम ओळखली ती हिनंच. फळा बघायला आलेल्या बायांना म्हणाली, "हितं काय बगून राहिल्या? वर बगा!"

वर म्हणजे मास्तरांच्या घराच्या माळवदावर, त्या सपाट मातीच्या धाब्यावर. मास्तरांच्या मंडळी, जानकीकाकू, तिथं उन्हाळ्याची कुरडई, पापड, शेवया वाळत टाकायच्या. ज्या आठवड्यात त्यांनी टाकल्या, त्या आठवड्यात आभाळाचा एक थेंब नाही. ज्या आठवड्यात माळवद मोकळं, त्या आठवड्यात हमखास शिंतोडे. फळ्यावर काहीही असो!

झालं! लोक फळ्यापुढं उभे राहायचे, मास्तरांचा मान म्हणून अंदाज मोठ्यानं वाचायचे, आणि मान वर करून माळवद बघून घरी जायचे. मास्तरांना वाटायचं, लोक यंत्राचा अंदाज आभाळाशी ताडून बघताहेत. फार समाधान वाटायचं त्यांना.

कुणी विचारलं तर काकू वसकन् अंगावर यायच्या. "मी काय पंचांग हाय व्हय रे? जा, काम कर!"

*

एकदा अमीनसाहेब घोड्यावरून आले. म्हणजे पोलिसांचे मोठे अंमलदार. लढाईचे दिवस, कशावरही संशय. फळ्यापुढं घोडा थांबवून गरजले, "ये आसमान की खबर लिखने की इजाजत कौन दिया?"

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. माझ्या हातातला खडू गळून पडला. अक्षर माझं होतं ना!

साहेबांनी इकडंतिकडं पाहिलं, घोड्यावरून वाकले आणि हळूच म्हणाले, "जुम्मे कू हमारे घर में शादी है. पानी-वानी तो नै गिरता ना?"

मास्तर यंत्राकडं धावले. तेवढ्यात तुकारामानं साहेबांना नजरेनंच माळवद दाखवलं. वर पांढऱ्याशुभ्र कुरडया पसरलेल्या. साहेब खूश झाले, मास्तरांना सलाम केला आणि गेले. ती सलामी मास्तर जन्मभर सांगत राहिले.

*

एका चैत्रात काकू माहेरी गेल्या, हिंगोलीपलीकडच्या गोरेगावला. गावाची पंचाईत! माळवद मोकळं, पण ते पाऊस येणार म्हणून की काकू नाहीत म्हणून?

तुकाराम बैलगाडी घेऊन हिंगोलीला निघालाच होता. त्याला सांगितलं, "तसाच फुडं गोरेगावला जा, अन् काकूंनी तिथं काय वाळत टाकलंय ते बगून ये!"

गडी गेला. काकूंनी त्याला जेवू घातलं, चार शिव्या घातल्या. सहा दिवसांनी परत येऊन चौकात ओरडला, "शेवया टाकल्यात! आठवडाभर उघाड हाय!"

आठवडा दुसऱ्या दिवशी संपत होता.

सोमला नाईक म्हणाला, "अन् गोरेगावचं आभाळ डोंगरकड्याला कवा आलं रं?" हे मात्र आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं!

*

आणि मग तो आठवडा आला. रुक्माबाईची हळद शिजून तिच्या खळ्यावर पडली होती. वर्षाची मेहनत आणि पुढचं सगळं आयुष्य, दोन्ही त्या खळ्यावर. फळ्यावर आम्ही लिहिलं, 'आठवडाभर कडक ऊन.' काटा त्या दिवशी चक्क 'उघाड'वर सरकला होता, मास्तर हरखून गेले होते. पण माळवद मोकळं!

संध्याकाळपर्यंत सगळ्या गावानं हळद आत ओढली. टोपली, गाड्या, फळ्यासमोरूनच चालल्या होत्या. मास्तरांना कुणीतरी खरं कारण सांगितलं. मला त्यांची दया आली. त्या रात्री ते जेवले नाहीत म्हणे.

दुसऱ्या दिवशी काकू विहिरीवर गेल्या आणि मास्तर शिडी लावून माळवदावर चढले. डब्यातली गेल्या सालची कुरडई काढून त्यांनी धोतरावर पसरली. शिडी मी धरली होती, आता लपवून काय करू?

कुरडई दिसली मात्र, गावात ओरड झाली, "टाकली! काकूंनी टाकली!" घटकाभरात सगळी हळद पुन्हा खळ्यांवर. रुक्माबाईनं तर एकटीनं सगळी पसरली.

काकू पाणी घेऊन आल्या. वर बघितलं. कमरेवरची घागर खाली ठेवली, घरातून ताट आणि पळी आणली, आणि वाजवत गल्लीतून निघाल्या. "ती कुरडई माझी न्हाई गं बायांनो! ह्यांनी टाकली! हळद उचला!"

आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. तरी एकानंही काहून म्हणून विचारलं नाही. सगळे धावले. ज्याची उचलून झाली तो रुक्माबाईच्या खळ्यावर आला. तिचा दीर हाताची घडी घालून खळ्याच्या कडेला उभा होता. काकूंनी त्याच्या हातात टोपलं कोंबलं. "नांगराचं फुडच्या साली बोल. आता उचल!" त्यानं मुकाट्यानं उचललं.

पश्चिमेकडून वारं सुटलं आणि अंधारून आलं. शेवटचा एक ढीग राहिला होता. तेवढ्यात मास्तर धावत आले, डोक्यावर शाळेचा फळा! ढिगावर फळा घातला, तो उडू नये म्हणून स्वतः वर बसले आणि डोक्यावर टोपलं पालथं घातलं. मग गारा पडल्या. ताडताड, ताडताड! म्हातारा उठला नाही.

गारा थांबल्यावर रुक्माबाईनं फळा उचलला. खालची हळद कोरडी, पिवळीधम्मक. ती मास्तरांच्या पाया पडली आणि मास्तर रडले. दिरानं त्यानंतर नांगराचं नाव काढलं नाही.

मी काकूंना विचारलं, "काकू, तुम्हाला कळलं कसं?"

"मला मेलीला काय कळतंय! कुरडई टाकायचा जीवच झाला न्हाई."

पुढच्या बाजाराला फळा पुन्हा ओसरीवर लागला, गारांचे पोचे पडलेला. मी खडू घेतला, तर मास्तरांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि भरबाजारात स्वतःच्या हातानं लिहिलं, 'या आठवड्याची हवा : घरी विचारून सांगतो.'